ब्रेक फेल झाले, पण ऑइल गेलं कुठे?

(दृश्य: लिफ्टवर चढवलेली गाडी, खालून टॉर्चचा उजेड)

हा जो बारीक पाइप दिसतोय, चेसिसच्या म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या कडेकडेने मागच्या चाकापर्यंत गेलेला, त्यात ब्रेक ऑइल असतं. पाइपची जाडी साधारण पावणेपाच मिलिमीटर आणि भिंत म्हणाल तर एक मिलिमीटरसुद्धा नाही. आपण पेडल दाबतो तेव्हा पायाचा जोर बूस्टरमधून, म्हणजे जोर वाढवणाऱ्या भागातून, मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे ऑइल ढकलणाऱ्या पंपात जातो आणि तिथून याच ऑइलमधून चाकापर्यंत, म्हणजे सगळा भरवसा या ऑइलवर. त्याला बाहेर पडायला टाचणीएवढी वाट मिळाली तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही, तो वाटेतच बाहेर पडतो.

आता मेकॅनिकचं बोट कुठे आहे बघा. क्लिपपाशी. हीच जागा, कारण क्लिपच्या मागे चिखल आणि पाणी साठून राहतं आणि वरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नाही. क्लिप काढली, खाली लाल गंज, वायर ब्रश फिरवला तर पापुद्रे निघाले. आता वर बसलेल्या पोराला पेडल दाबायला सांगितलंय... हा थेंब. परत दाब. हा बघा दुसरा. या गाडीचा अपघात झालेला नाही, ती सर्व्हिसिंगला आली होती आणि मालकाची तक्रार एवढीच की पेडल हल्ली जरा मऊ लागतं.

अपघात झाल्यावर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, ब्रेक फेल झाले हो," आणि आजूबाजूचे लोकपण मान डोलावतात की बिचाऱ्याचा काय दोष, गाडीनेच दगा दिला. हा व्हिडिओ या एका वाक्यासाठी केलाय. ब्रेक फेल झाले ठीक आहे, पण ऑइल गेलं कुठून, कधीपासून जात होतं, आणि ते कोणाला कळायला हवं होतं? जबाबदारी कोणाची ते या तीन उत्तरांवरून ठरतं, रस्त्यावर कोण जास्त रडतंय त्यावरून नाही.

(दृश्य: मास्टर सिलेंडर, रिझर्व्हायरचं झाकण उघडताना)

ही ब्रेक ऑइलची डबी. मिनिमम आणि मॅक्सिममची रेघ बाहेरूनच दिसते, झाकण उघडायचीपण गरज नाही. हल्लीच्या गाड्यांमध्ये सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलच्या वेगळ्या वाटा, दोन असतात, एक गळलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, फक्त पेडल खूप खोल जातं आणि अंतर जास्त लागतं. शिवाय पातळी खाली गेली की डॅशबोर्डवर लाल दिवा. म्हणून एका बारीक गळतीने कारचे सगळे ब्रेक एका क्षणात गेले असं कोणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका, होऊ शकतं, पण त्याआधी बहुतेक वेळा गाडीने बरंच काही सांगितलेलं असतं. पेडल मऊ झालेलं असतं, दिवा लागून विझलेला असतो, चाकाच्या आतल्या बाजूला ओल आलेली असते आणि कोणीतरी डबीत नुसतं वरून ऑइल ओतून वेळ मारून नेलेली असते. ब्रेकचं ऑइल इंजिनसारखं जळत नाही हो. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते तेवढीच, बाकी वारंवार टॉप-अप लागतोय याचा अर्थ ते कुठेतरी बाहेर जातंय.

अजून एक. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तोच १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं, आणि नंतर गाडी थंड झाल्यावर तपासलं तर गळती सापडतच नाही. हा प्रकार वेगळा, इथे गळत नाही, इथे ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसतं. मालकाला प्रश्न तरीही तोच.

(दृश्य: पांढरा पुठ्ठा, त्यावर वेगवेगळ्या रंगांचे डाग)

रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवायचा, सकाळी बघायचं. तपकिरी काळं ते इंजिन ऑइल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी नाहीतर नारिंगी आणि वासाला गोडसर ते कूलंट, इंजिन थंड ठेवणारं. हे फिकट पिवळं, चाकाच्या जवळ पडलेलं, ते ब्रेकचं, आणि ते रंगाला लागलं तर रंग सोलून काढतं. एसीचं पाणी पडलं तर घाबरू नका, ते पडायलाच हवं.

आणि हा शॉट मला सगळ्यात आवडतो. दिवे बंद, इंजिन ऑइलमध्ये थोडा डाय, म्हणजे चमकणारा रंग टाकलाय, इंजिन जरा वेळ चालू ठेवलं आणि आता निळा टॉर्च. जिथे हिरवट चमकतंय तिथून गळतंय. ऑइल फिल्टरच्या गळ्याशी. फिल्टर खोलला तर एकावर एक दोन रबरी रिंगा! जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली, ज्याने नवा बसवला त्याने बोट फिरवून बघितलं नाही आणि वर नवी रिंग दाबून बसवली. सुरुवातीला हे टिकतं, मग प्रेशर आलं की सटकतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर, मागच्या चाकाखाली, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली. या एका रिंगेचा दोष गाडीच्या मालकाचा नाही, कंपनीचापण नाही, तो थेट गॅरेजचा. पण ही जुनी रिंग जपून ठेवली असेल तरच हे सिद्ध होणार. गॅरेजवाल्याने ती कचऱ्यात टाकली की विषय संपला.

(दृश्य: रिकाम्या मैदानात हळू चालणारी गाडी, खाली ठिबकणारं रंगीत पाणी)

आता कोर्टात सगळ्यात आधी निघणारा वाद. गळतीमुळे धडक झाली की धडकेमुळे गळती? समोरचा वकील हेच म्हणणार की पाइप आपटल्यावर तुटला. तर बघा, उभ्या गाडीतून पडलेला थेंब गोल. चालत्या गाडीतून पडलेला लांबट, आणि त्याचं शेपूट ज्या बाजूला गाडी चालली त्या बाजूला. असे थेंब धडकेच्या जागेच्या आधीपासून लागत आले असतील तर गळती आधीची. धडकेच्या जागीच एकदम थारोळं असेल आणि मागे रस्ता कोरडा असेल तर बहुतेक नंतरची. धातूपण सांगतो, ताजा तुटलेला पाइप आतून चकचकीत असतो, जुन्या गळतीभोवती धूळ आणि तेल मिळून काळा थर बसलेला असतो, नखाने खरवडला तर निघतो, हे बघा असा.

म्हणून फोटो काढायचे तर गाडीच्या चेमटलेल्या तोंडाचेच काढत बसू नका. रस्त्याचे काढा, गाडी आली त्या दिशेने मागे चालत जाऊन काढा, कारण थोड्या वेळात कोणीतरी वाळू टाकतो किंवा पाणी मारतो आणि सगळं वाहून जातं. आणि गाडी भंगारात जाऊ देऊ नका. नुकसान भरून मिळालं की गाडी यार्डात जाते, यार्डातून कटिंगला, आणि सहा महिन्यांनी तज्ज्ञ येतो तेव्हा त्याच्या हातात फक्त फोटो. समोरच्याला आणि इन्शुरन्सला लेखी कळवा की हा भाग काढू नका, फेकू नका, तपासणी दोन्ही बाजूंसमोर होईल. याची लेखी पोच घ्या.

(दृश्य: जुना ट्रक, पाइपचा आडवा कापलेला तुकडा)

मालकाबद्दल कायदा काय म्हणतो, तर इंग्लंडमधला हेंडरसन विरुद्ध जेंकिन्स हा खटला जगभरात दाखला म्हणून वापरला जातो, हाऊस ऑफ लॉर्ड्सचा म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल, १९७० च्या कायद्याच्या रिपोर्टमध्ये छापलेला. उतारावर ट्रकचे ब्रेक लागले नाहीत, एक माणूस गेला. तपासात ब्रेकच्या पाइपला गंजाने भोक पडलेलं. ०.७ मिलिमीटरची भिंत झिजून ०.१ वर आलेली आणि तीपण नेमकी अशा जागी की पाइप सोडवल्याशिवाय दिसत नव्हती. मालक म्हणाले, आम्ही नेहमी तपासत होतो, जे दिसतं ते बघत होतो, पाइप काढून बघा असं कंपनीनेही कुठे सांगितलं नव्हतं. ऐकायला बरोबर वाटतं ना? खालच्या कोर्टांना वाटलंच. पण वर तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल फिरला. न्यायाधीशांचं म्हणणं साधारण असं की गंज इतका असाधारण होता तर या ट्रकने आधी काय वाहिलं, मीठ किंवा गंजवणारा माल होता का, हे मालकालाच माहीत, आणि ते त्याने कोर्टासमोर ठेवलंच नाही. म्हणजे दोष छुपा होता असं नुसतं म्हणून चालत नाही, नीट काळजी घेऊनही तो कळला नसता हे मालकाला दाखवावं लागतं.

भारताच्या सुप्रीम कोर्टानेही १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात हाच मुद्दा धरला, मेकॅनिकल दोषाची ढाल पुढे करायची तर दोष छुपा होता आणि वाजवी काळजीने सापडला नसता हे मालकानेच मांडायचं आणि सिद्ध करायचं.

कॅलिफोर्निया तर अजून पुढे गेलं. १९६८ चा मॅलनी विरुद्ध रॅथ. गाडीच्या मालकीण रॅथबाईंनी तीनेक महिने आधीच ब्रेकचं काम करून घेतलेलं, हयगय मेकॅनिकची, बाईंना काहीच कल्पना नाही, तरी कोर्ट म्हणालं जबाबदार तुम्हीच. ब्रेक चांगले ठेवायची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, काम दुसऱ्याकडून करून घ्या, पण जखमी माणसाला उत्तर तुम्ही द्यायचं, मग मेकॅनिककडून वसूल करा. मला स्वतःला हे जास्त पटतं. ज्याला ठोकर बसली त्याने कोणाच्या गॅरेजची बिलं शोधत फिरायचं? सगळीकडे कायदा इतका कडक नाही, बऱ्याच ठिकाणी मालकाने भरवशाच्या गॅरेजला काम दिलं आणि बिल दाखवलं तर तो सुटू शकतो. म्हणून बिलं ठेवा, आणि बिलावर नुसतं 'सर्व्हिसिंग' नको, काय तपासलं आणि काय बदललं ते लिहून घ्या. गॅरेजने गळती दाखवली होती आणि तुम्ही 'पुढच्या वेळी बघू' म्हणालात, तर तेच बिल उलट तुमच्या अंगावर येतं.

आणि गाडी दुसऱ्याची, म्हणजे मित्राची, कंपनीची, भाड्याची असेल तर? चालवणाऱ्याला दिवा दिसला, पेडल जाणवलं, तरी तो चालवत राहिला तर तो अडकतो. त्याला काही कळण्यासारखं नव्हतं तर प्रश्न मालकाकडे जातो. नोकरीवरचा ड्रायव्हर असेल आणि कामावर असेल तर मालक बहुतेक दोन्हीकडून सापडतो, गाडीचा मालक म्हणून आणि ड्रायव्हरचा मालक म्हणूनपण.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचं थोडक्यात. १९१६ च्या मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक खटल्यात लाकडी चाक मोडलं होतं, तिथून न्यूयॉर्कच्या कोर्टाने कंपनीला थेट ग्राहकासमोर उभं केलं, मधे डीलर आहे ही सबब चालली नाही. हल्लीचं उदाहरण गळतीचंच, सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किआने अमेरिकेत ३३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या कारण ब्रेकच्या एबीएस युनिटमध्ये (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारा भाग) आतल्या आत फ्लुइड गळून शॉर्ट सर्किट आणि आगीचा धोका होता, मालकांना सांगितलं की गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा. तुमच्या गाडीचं असं पत्र आलं असेल आणि ते ड्रॉवरमध्ये पडून असेल तर अपघातानंतर कंपनीचा वकील पहिलं तेच काढणार.

भरपाई शेवटी बहुतेक वेळा इन्शुरन्सकडूनच येते, फौजदारी वेगळी चालते, वर्षं जातात.

(दृश्य: ओलं वळण, डांबरावर इंद्रधनुष्यासारखा तवंग, वाळू टाकणारे कामगार)

राहिला हा प्रकार, आणि बाइकवाल्यांनो, हा तुमच्यासाठी. डिझेल. टाकी काठोकाठ भरली, झाकण नीट लागलं नाही किंवा आहेच कुठे, आणि वळणावर ते उसळून बाहेर पडलं. पेट्रोलसारखं ते पटकन उडून जात नाही, तासन् तास तिथेच राहतं, वर पाऊस आला की अजून घसरडं. सांडणारा पुढे निघून गेला, त्याला पत्तापण नाही, आणि मागचा दुचाकीवाला आडवा. इथे जबाबदार सांडणाराच, तो गाडीला शिवला नाही तरी, टक्कर झालीच पाहिजे असं काही नाही. पण तो सापडायला हवा. डागांची शेपटं कुठल्या बाजूला आहेत ते बघा, त्या बाजूचे कॅमेरे, जवळचा पंप, आणि कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं म्हणून त्याच दिवशी मागा. नाहीच सापडला तर काही देशांत अशा अज्ञात वाहनांसाठी निधी असतो, ब्रिटनमध्ये मोटर इन्शुरर्स ब्युरो १९४६ पासून आहे, पण तिथेही पोलिसांत वेळेवर नोंद केली होती का, डिझेल खरंच होतं याला पुरावा काय, असंच विचारतात. भिजलेले कपडे आणि टायर न धुता ठेवा, डिझेलचा वास आणि डाग हाच तो पुरावा.

रस्ता सांभाळणाऱ्या खात्यावर दावा लावायचा तर आधी दाखवावं लागतं की सांडल्याचं त्यांना कळलं होतं, किंवा इतका वेळ झाला होता की कळायलाच हवं होतं. पडलेल्या माणसाआधी कोणी फोन केला होता का आणि किती वाजता, ती नोंद मागून घ्या.