बातमीतील स्त्री: मोजणी आणि क्रियापद

माध्यमांतील लिंगभावाचा अभ्यास म्हणजे जाहिरातीतील बायकांच्या पेहरावावर टीका, असा समज अजूनही बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात हे काम सुरू होते ते रुक्ष मोजणीने. दिवसभराची बातमीपत्रे आणि वर्तमानपत्रे घ्यायची आणि प्रत्येक बातमीत कोण आले, कोण बोलले, कोणत्या नात्याने बोलले, हे रकान्यांत भरायचे. तीच बातमी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची. त्यांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर दोष बहुधा रकान्याच्या व्याख्येत असतो.

अशी सर्वांत मोठी मोजणी पहिल्यांदा १९९५च्या जानेवारीत, ठरवलेल्या एकाच दिवशी, ७१ देशांतील स्वयंसेवकांनी केली. 'जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प' या नावाने ती पुढे दर पाच वर्षांनी होत राहिली. बातम्यांतील व्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण तेव्हा १७ टक्के निघाले होते. २०२०मध्ये, ११६ देशांच्या पाहणीत, ते २५ टक्के होते. सतरावरून पंचवीसवर यायला पंचवीस वर्षे लागली. त्याहून बोलका रकाना भूमिकेचा आहे: स्वतःवर काय ओढवले हे सांगायला बाई चालते, त्याचा अर्थ सांगायला तज्ज्ञ म्हणून बहुधा पुरुषच बोलावला जातो.

मात्र बाहेरून आलेला तक्ता मराठी बातमीवर जसाच्या तसा ठेवला, की बरेच काही निसटते. इंग्रजीत डॉक्टर बोलले एवढेच कळते. मराठीत 'म्हणाले' की 'म्हणाल्या' हे क्रियापदच सांगून टाकते. शिवाय ते मानही वाटते. जिल्हाधिकारी 'म्हणाल्या' आणि भाजीवाली 'म्हणाली', हे आपण इतक्या सवयीने लिहितो की त्यात लिंगभाव आणि वर्ग एकाच प्रत्ययात बसले आहेत, हे लक्षातही येत नाही. एकेरी कोणाला आणि अनेकवचन कोणाला, असा रकाना आपल्या अभ्यासात असलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

गुन्हेवृत्तातील एक ठरीव शब्दप्रयोग पाहा: 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला'. या मथळ्यात हल्ला करणारा कुठेच नाही. तरुणी आहे, हल्ला आहे, आणि कारणाच्या जागी चक्क प्रेम आहे. मुलीने नकार दिला होता ही मूळ घटना 'एकतर्फी' या विशेषणात दडपली जाते. मोजणीच्या तक्त्यात मात्र ही बातमी 'स्त्री: एक' अशी नोंदली जाऊन टक्केवारी वाढवते! 'विवाहितेची आत्महत्या' या मथळ्याचेही तसेच. 'विवाहिताची आत्महत्या' असा मथळा मी अजून वाचलेला नाही.

मजकूर असा उलगडला, तरी वाचणारा त्याचे काय करतो हा प्रश्न उरतोच. मानववंशशास्त्रज्ञ पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील घरांत बसून दूरदर्शन पाहणाऱ्या स्त्रियांशी दीर्घकाळ संवाद साधला. महाभारत मालिकेतील वस्त्रहरणाच्या प्रसंगात त्यांच्यापैकी अनेकींना स्वतःची असुरक्षितता दिसली होती आणि द्रौपदीचा संताप आपलासा वाटला होता. हे कोणत्याही रकान्यातून हाती लागले नसते. त्यासाठी शेजारी बसावे लागते.

शेवटची अडचण रकान्यांच्या संख्येची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र लिंगओळख मान्य केली, पण तक्त्यात तिसरा रकाना आखला तरी मराठी वार्ताहराचे काम संपत नाही, कारण वाक्य 'म्हणाला' किंवा 'म्हणाली' यांपैकी एक मागतेच. अशा वेळी अनेक जण 'त्यांनी सांगितले' लिहून सुटका करून घेतात. खरे तर ती व्यक्ती स्वतःविषयी 'मी गेलो' म्हणते की 'मी गेले', हे मुलाखतीच्या पहिल्या मिनिटातच ऐकू आलेले असते. (कोल्हापूरकडच्या मुलीही 'मी आलो' म्हणतात, तेव्हा खात्री करण्यासाठी एकदा विचारलेले बरे.)