हाजिबेगिचची पेनल्टी

मंडळी, युगोस्लाव्हिया या आता नकाशावर नसलेल्या देशाचं नाव काढलं की आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलवेड्यांना आधी आठवतात ते दहा गोल. 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. निकाल 10-1. आपला एकुलता एक गोल अहमद खानचा, त्यांच्या एकट्या झेबेत्सचे चार. त्या हाराकिरीनंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात पुन्हा तेच समोर. या वेळी पहिला गोल आपला! तो मारला नेव्हिल डिसोझाने, मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेला. पुढे 4-1 ने हरलो, ही गोष्ट वेगळी.

आपल्याला दहा गोल मारून झाल्यावर पाचच दिवसांनी याच संघाची गाठ सोव्हिएत संघाशी पडली. युगोस्लाव्हियाचे नेते टिटो आणि स्टालिनचं 1948 मध्येच बिनसलेलं, त्यामुळे हा नुसता खेळ नव्हता. युगोस्लाव्हिया 5-1 ने पुढे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात सोव्हिएतांनी 5-5 केलं. पुन्हा सामना झाला, तो टिटोंच्या पोरांनी 3-1 ने जिंकला. स्टालिनने राग काढला तो मॉस्कोतल्या लष्कराच्या क्लबवर. क्लबच बरखास्त!

मधल्या काळाबद्दल फार बोलत नाही. ऑलिम्पिकमध्ये ओळीने तीन रौप्य, मग 1960 चं सुवर्ण, युरो स्पर्धेत दोनदा उपविजेते. सुंदर खेळायचे आणि ऐन वेळी कच खायचे, असा त्यांचा लौकिक.

मला सांगायचंय ते 1990 बद्दल. वर्ल्डकपच्या तोंडावर, 3 जूनला, झाग्रेबमध्ये नेदरलँड्सशी सराव सामना होता. राष्ट्रगीत सुरू झालं आणि प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. स्वतःच्या देशाच्या राष्ट्रगीताला, स्वतःच्या मैदानावर. आणि त्या संघात देशातल्या सगळ्या गटांचे खेळाडू, क्रोएट, सर्ब, बोस्नियाक, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, माँटेनेग्रिन सगळे होते! प्रशिक्षक इवित्सा ओसिम, बोस्नियातल्या सारायेव्होचा. वृत्तपत्रं आपापल्या माणसाला खेळवा म्हणून मागे लागलेली. ओसिमने कुणाचंच ऐकलं नाही.

30 जूनला फ्लॉरेन्समध्ये उपांत्यपूर्व सामना, समोर मॅराडोनाची अर्जेंटिना. एक खेळाडू एकतिसाव्या मिनिटाला लाल कार्डामुळे बाहेर, तरी उरलेल्या दहा जणांनी एकशेवीस मिनिटं संपेपर्यंत गोल होऊ दिला नाही. मग पेनल्टी. मॅराडोनाचीसुद्धा अडवली गेली. शेवटची घ्यायला आला फारुक हाजिबेगिच. अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाने तीही अडवली.

'तो गोल झाला असता तर देश वाचला असता', हे वाक्य हाजिबेगिचला जन्मभर ऐकावं लागलं. मला स्वतःला ते पटत नाही. ज्या प्रेक्षकांनी राष्ट्रगीत शिट्ट्यांत बुडवलं, ते एका उपांत्य सामन्याने विरघळले असते? पण बॉम्ब पडायला लागल्यावर माणूस मागे वळून काहीतरी हातात येईल असं शोधतो, आणि एक पेनल्टी सहज हाती लागते.

दोन वर्षांनी, देश फुटून युद्ध पेटलं तेव्हा, सारायेव्होला वेढा पडला. ओसिमची बायको आणि मुलगी आत, तो बेलग्रेडमध्ये. 23 मे 1992 ला त्याने रडत राजीनामा दिला. माझ्या शहरासाठी मला एवढंच करता येतं, अशा अर्थाचं बोलला. आठवड्याभरात संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि युरो स्पर्धेतून संघाला घरी पाठवलं. पात्रता गटात त्यांच्या मागे राहिलेल्या डेन्मार्कला बदली म्हणून बोलावलं, आणि तो चक्क चषक घेऊन गेला.

1987 मध्ये चिलीत युवा वर्ल्डकप जिंकलेल्या पोरांत क्रोएट दावोर शुकर होता आणि माँटेनेग्रिन प्रेड्राग मियातोविचही. मे 1998 मध्ये रेआल माद्रिदने युरोपचा चषक जिंकला तेव्हा दोघे पुन्हा एकाच संघात होते, अंतिम सामन्यातला गोल मियातोविचचा. महिन्याभराने दोघे फ्रान्समध्ये वर्ल्डकप खेळत होते, दोन वेगळ्या देशांकडून. शुकरने सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा सोन्याचा बूट नेला. मियातोविचची पेनल्टी आडव्या दांडीवर आदळली.