पंचगंगेकाठची कावीळ आणि साथरोगशास्त्राचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यात काविळीचा विषय निघाला, की २०१२ सालची इचलकरंजीची साथ आठवतेच. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची ती साथ होती. साथरोगशास्त्राची पाठ्यपुस्तके १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ पसरवणाऱ्या पाण्याच्या पंपाची हकीकत हमखास सांगतात. पंचगंगेकाठच्या परिचर्येच्या विद्यार्थिनींनी इतके लांब जाण्याचे कारण नाही.

वॉर्डात परिचारिकेसमोर एक रुग्ण असतो. साथीत मात्र तिला संपूर्ण वस्तीचा विचार करावा लागतो, आणि आजारी न पडलेली माणसेही हिशेबात धरावी लागतात. समजा, एका गल्लीत काविळीचे ४० रुग्ण सापडले आणि दुसरीत २०. पथक साहजिकच पहिल्या गल्लीकडे धाव घेईल. परंतु पहिलीत ८०० आणि दुसरीत २०० लोक राहत असतील, तर बाधितांचे प्रमाण अनुक्रमे ५ आणि १० टक्के भरते, म्हणजे धोका दुसरीत दुप्पट आहे. या प्रमाणाला अटॅक रेट म्हणतात. ठरावीक काळात नव्याने आजारी पडलेल्यांचे प्रमाण म्हणजे इन्सिडन्स, तर त्या वेळी असलेल्या जुन्या-नव्या सर्व रुग्णांचे प्रमाण म्हणजे प्रिव्हेलन्स. मधुमेहासारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचा भार या दुसऱ्या मापाने कळतो.

कोणाला, कोठे आणि केव्हा, या तीन प्रश्नांपैकी ‘केव्हा’ सर्वांत फसवा आहे. हिपॅटायटिस ईचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, साधारण दोन ते दहा आठवड्यांचा असतो. त्यामुळे आज नळाच्या पाण्याच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आढळले, तरी पाण्याला निर्दोष ठरवता येत नाही. महिन्या-दीड महिन्यापूर्वी गटारातून गेलेली जलवाहिनी कोठे फुटली होती, पुरवठा किती दिवस बंद होता, टँकर कोठून आला, हे घरोघरी विचारावे लागते. लाईन लिस्टमध्ये, म्हणजे साथीतील रुग्णांच्या यादीत, रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख लिहून भागत नाही. लक्षणे सुरू झाल्याची तारीख हवी, कारण साथीचा आलेख तिच्यावरच उभा राहतो.

या याद्यांमध्ये गरोदर स्त्रियांची नोंद वेगळी ठेवावी. इतर रुग्णांत सहसा आपोआप बरा होणारा हा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकतो. म्हणून गृहभेटींची सुरुवात त्यांच्या घरापासून करावी.