रामदास बुडाली, बुडाला की बुडालं?

नमस्कार मंडळी! आज जरा पाण्यावरचं व्याकरण बघू. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' वाटेतच बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि तिकडची जुनी माणसं अजून 'रामदास बुडाली' असंच म्हणतात. आता रामदास हे पुरुषाचं नाव, मग बुडाली कशी? तर बोलणाऱ्याच्या मनात 'बोट' असते आणि क्रियापद तिच्या मागून जातं, बस्स. इंग्रज जहाजाला 'शी' म्हणायचे, त्यावरून आपण हे उचललं असं काहीजण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण तसं असतं तर टायटॅनिकला 'बुडालं' कोण म्हणालं असतं? तिथे मनात जहाज असतं ना! आणि लॉइड्स लिस्ट नावाच्या त्यांच्या जुन्या शिपिंग पेपरनं 2002 मध्येच 'शी' सोडून 'इट' धरलं. आपल्याकडे मचवा आला, होडी आली, गलबत आलं, तिन्ही लिंगं एकाच धक्क्याला.

घोळ होतो बातम्यांत. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नवी विक्रांत नौदलात दाखल 'झाली', विमानवाहू नौका म्हणून, ठीक आहे, पण दुसऱ्याच वाक्यात 'ते 262 मीटर लांब आहे' येतं. अहो, एक काहीतरी धरा! प्रत्यय लावतानाही बघा, माणूस असेल तर 'रामदासाला' चालतं, बोट असेल तर 'रामदासवर', नाव आहे तसंच ठेवायचं, पण बोट-जहाज हे शब्द मात्र बदलणार, बोटीवर, जहाजावर. आणि 'आयएनएस विक्रांत हे जहाज' म्हणजे शिप दोनदा झालं, शेवटचा एस शिपचाच आहे. अर्थात लोणावळ्याची आयएनएस शिवाजी ही नौदलाची ट्रेनिंगची जागा आहे, घाटमाथ्यावर, तरी नावात शिप आहेच.

स्पेलिंगचं म्हणाल तर शीड दीर्घ पण शिडाची होडी ऱ्हस्व, आणि तारू असेल तर तारवात बसायचं, तारूत नाही, सुकाणू मात्र हट्टी, ते सुकाणूवरच राहतं. सगळ्यात जास्त हाल 2022 च्याच डिसेंबरात आलेल्या युद्धनौकेचे, कोणी मोरमुगाव लिहितं, कोणी मार्मागोवा, आणि गोव्यात ज्या बंदराचं नाव तिला दिलंय तिथले लोक सरळ मुरगाव म्हणतात. मी तरी मुरगावच वाचणार, तक्रार असेल तर पत्र पाठवा.