महिन्याला किती सुटतात?

(अंबाजोगाईत तरुणांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढं तरुण पोरं बसलीत आणि मागच्या खुर्च्यांवर त्यांचे वडील दिसतायत, याचं मला फार बरं वाटलं. गाडी पोरगा घेतो, पण जामीन बाप राहतो. तेव्हा आजचं बोलणं दोघांसाठी आहे.

"दादा, पुण्यात गाडी लावली तर महिन्याला किती सुटतात?" या एका प्रश्नासाठी मला आपल्या भागातून सारखे फोन येतात. कुणी केजचा असतो, कुणी रेणापूरचा, कुणी गंगाखेडचा. गावातला एखादा मित्र पुण्यात ओला-उबेरला चालवत असतो आणि त्यानं स्टेटसला स्क्रीनशॉट टाकलेला असतो : आजचा धंदा २,८०० रुपये. आपला पोरगा त्याला तीसनं गुणतो, ८४ हजार येतात, आणि दुसऱ्या दिवशी तो लातूरच्या शोरूममध्ये उभा राहतो. तो स्क्रीनशॉट खोटा नसतो. पण त्यात गॅस दिसत नाही, हप्ता दिसत नाही, रिकामी पळालेली गाडी दिसत नाही. आणि तो त्या महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस असतो, कारण वाईट दिवसाचा स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही.

फळा आहे, म्हणून लिहूनच दाखवतो. आकडे मी हिशेबासाठी धरलेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या शहराचे आकडे तुम्ही त्या जागी घाला. रीत तीच राहील. समजा दिवसभरात मीटरवर गाडी १६८ किलोमीटर फिरली. त्यातले प्रवासी बसलेले किलोमीटर ११०. उरलेले ५८ पिकअपला जाताना, ड्रॉपवरून परत येताना आणि गॅसच्या पंपापर्यंत गेले. प्रवासी असलेल्या किलोमीटरला अ‍ॅप कंपनीचं कमिशन वजा जाता १७ रुपये हातात आले असं धरू. झाले १,८७० रुपये. आता खर्च. सीएनजीची गाडी गर्दीत किलोला २४ किलोमीटर देते असं धरलं, तर ७ किलो गॅस लागला; ९० रुपयांनी ६३० गेले. कंपनी कागदावर ३४ सांगते, पण वाकडच्या पुलाखाली अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीला तो आकडा माहीत नसतो. ७ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण १४,८७० रुपये. महिन्याला २६ दिवस गाडी चालली तर रोजचे ५७२. व्यावसायिक गाडीचा विमा, पासिंग, कर मिळून वर्षाला ३६ हजार धरले तर रोजचे ११५. टायर, ऑइल, ब्रेक, क्लच यांना किलोमीटरमागं एक रुपया बाजूला काढलाच पाहिजे, ते १६८. बेरीज करा : १,४८५. हातात राहिले ३८५.

त्यात खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, चहा, मोबाईलचा रिचार्ज. गावाकडं पाठवायला काय उरलं, ते मी सांगत नाही. मागं बसलेल्या मंडळींनी मनातल्या मनात तो हिशेब केलेलाच आहे.

आता घाबरून उठू नका, कारण याच फळ्यावर धंदा कसा करायचा तेही लिहिलेलं आहे. १,४८५ ला १६८ नं भागा. एका किलोमीटरचा खर्च येतो ८ रुपये ८४ पैसे. हा आकडा आपापल्या गाडीचा काढा आणि स्टिअरिंगवर चिकटवा. हा एक आकडा ज्याला पाठ आहे तो टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

तो वापरायचा कसा ते सांगतो. संध्याकाळी सात वाजता तुम्ही हिंजवडीत उभे आहात. फोन वाजतो. स्क्रीनवर ९२ रुपये, पिकअप ४ किलोमीटर, ड्रॉप ५ किलोमीटर. खाली वेळेची पट्टी झरझर कमी होतेय. विचार करायला काही सेकंदच मिळतात. नवा पोरगा ९२ बघतो, ५ किलोमीटर बघतो आणि म्हणतो, किलोमीटरला अठरा रुपये, घे. पण गाडी पळणार ९ किलोमीटर. म्हणजे दहा रुपये वीस पैसे. तरीही परवडलं. आता ड्रॉप कुठं आहे ते बघा. मारुंजीच्या पुढं आत कुठंतरी नवी सोसायटी, रात्री तिथून परतीचं भाडं लागत नाही, तीन किलोमीटर रिकामं बाहेर यावं लागतं. मग झाले १२ किलोमीटर आणि किलोमीटरला ७ रुपये ६७ पैसे. ही ट्रिप तुम्ही पदरचे पैसे घालून केली. हेच ९२ रुपये दीड किलोमीटरच्या पिकअपवर आणि मुख्य रस्त्यावरच्या ड्रॉपवर आले असते, तर ती चांगली ट्रिप होती.

रक्कम आधी बघू नका, पिकअप आधी बघा. आणि नको असलेली ट्रिप वाजत असतानाच सोडून द्या. घेऊन मग रद्द करायची सवय फार वाईट. रस्त्यावर कुणीतरी म्हातारं माणूस दवाखान्यातून निघून तुमची वाट बघत उभं असतं, हे आधी. आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं, विनाकारण ट्रिप रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंडही आहे.

रिकामे किलोमीटर कमी करणं हा धंद्याचा अर्धा भाग. फळ्यावरच्या ५८ पैकी २० किलोमीटर जरी तुम्ही प्रवाशाचे केले, तरी त्याच गॅसमध्ये, त्याच हप्त्यात दिवसाला ३४० रुपये जास्त येतात. ३८५ चे ७२५ होतात. हे कसं जमतं? शहर ओळखून. सकाळी साडेसात ते अकरा घरांच्या बाजूला राहायचं, संध्याकाळी पाचनंतर ऑफिसांच्या बाजूला : हिंजवडी, खराडी, मगरपट्टा. दुपारी गाडी फिरवत बसायची नाही. सावली बघून उभी करायची, जेवायचं, झोपायचं. लोहगावच्या विमानतळावर एअरोमॉलमध्ये, म्हणजे तिथल्या पार्किंगच्या इमारतीत, रांगेत उभं राहून लांबची ट्रिप मिळतेही, पण रांगेतला वेळ मोजा.

आणि एक गोष्ट आपल्या पोरांना इतरांपेक्षा जास्त कळते. पहाटे पाच ते सात मराठवाड्यातल्या ट्रॅव्हल्स पुण्यात शिरतात. नगर रोडनं येणाऱ्या वाघोली-खराडीला माणसं उतरवतात, सोलापूर रोडच्या हडपसरला. सोबत पोतं असतं, ज्वारीचं पीठ असतं, लोणच्याची बरणी असते, लेकरं झोपेत असतात. रिक्षात ते सामान मावत नाही. त्या माणसाला तुम्ही "मामा, सामान मी ठेवतो, तुम्ही बसा" म्हणालात, तर तो परतीच्या दिवशीही तुम्हालाच फोन करील. कुठली गाडी किती वाजता कुठं थांबते हे अ‍ॅप तुम्हाला सांगत नाही. ते तुमच्या मावशीच्या पोराला माहीत असतं.

दुसरा भाग दराचा, आणि तो एकट्याच्या हातात नाही. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं वातानुकूलित कॅबसाठी दर ठरवून दिला : पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढं प्रत्येक किलोमीटरला २५. जानेवारी २०२४ पासून तो लागू करायचा होता. २५ मधून २० टक्के कमिशन गेलं तरी २० रुपये हातात येतात. फळ्यावरच्या १७ शी तुलना करा : दिवसाला ३३० रुपयांचा, महिन्याला साडेआठ हजारांचा फरक. अ‍ॅपवर मात्र तो दर चालकांना मिळाला नाही. म्हणून चालक रस्त्यावर उतरतात. मुंबईत ऑक्टोबर २०१८ मध्ये मोठा संप झाला, त्याच्याही मुळाशी हीच गोष्ट होती. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी भरपूर इन्सेंटिव्ह दिले, ते बघून लोकांनी गाड्या घेतल्या, मग इन्सेंटिव्ह आटले आणि हप्ते तसेच राहिले. तुम्ही पुण्यात जाल तेव्हा चालकांच्या संघटनेत नाव घाला. मला एकट्याला काय करायचंय, असं म्हणणाऱ्या पोरांचा मला मनापासून राग येतो. कारण वाढलेला दर तेही घेणारच असतात.

आता कर्जाविषयी. आपल्या बीड जिल्ह्याला उचल म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले की कोयता त्याचा, हंगाम त्याचा, आणि हिशेबाच्या वेळी अंगावर बाकी निघते. गाडीचं कर्ज आणि गाडीची लीज यांच्याकडं त्याच नजरेनं बघा. लीज म्हणजे दुसऱ्याची गाडी भाड्यानं चालवायची : अनामत भरायची, रोजची ठरलेली रक्कम द्यायची. ताप आला तरी द्यायची, गाडी गॅरेजला असली तरी सुटका होईलच असं नाही. सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारा : गाडी बंद असलेल्या दिवशी काय, आणि अनामत परत कधी. तोंडी उत्तर घेऊ नका, कागदावर दाखवा म्हणा.

अण्णासाहेब पाटील महामंडळासारख्या महामंडळांकडून व्याज परतावा मिळतो, पात्र असाल तर जरूर घ्या. पण हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, मग व्याज परत येतं. हप्ता थकला की परतावाही थांबतो. आणि वर्षाचे बारा महिने २६ दिवस गाडी चालत नाही. पेरणीला तुम्ही गावी येणार, सोयाबीन काढायला येणार, बहिणीच्या लग्नाला येणार. म्हणून वर्षाचा हिशेब दहा महिन्यांच्या कमाईवर मांडा.

मागं बसलेल्या काकांना हात जोडून सांगतो : डाऊन पेमेंटसाठी वावर विकू नका. पोराला आधी सहा महिने दुसऱ्याच्या गाडीवर पाठवा. पुण्यात दोन-तीन गाड्या असलेले मालक आहेत, ते पगारावर किंवा टक्क्यावर चालक ठेवतात. त्यात रस्ते कळतात, पोलीस कळतो, प्रवासी कळतो, कंबर टिकते का ते कळतं. तेवढ्यात पोरगा परत आला, तर घरातलं काही गेलेलं नसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. गाडीला पिवळी पाटी पाहिजे, परमिट पाहिजे. चुलत्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं फिरवायची नाही. अपघात झाला तर खासगी विमा भाड्याच्या प्रवासाला पैसे देत नाही आणि दोन घरं उद्ध्वस्त होतात. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी. लायसन्ससाठी एजंटाला उगाच पैसे देऊ नका. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय. बॅज आणि पोलीस पडताळणीचं मात्र ज्या शहरात चालवणार तिथल्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा.

आयडी, म्हणजे अ‍ॅपवरचं चालकाचं खातं, बंद पडणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा घाव. माझाही एकदा पडला होता. एका प्रवाशाची तक्रार होती, काय तक्रार ते कुणी सांगेना. अ‍ॅपमध्ये लिहिलं की ठरावीक उत्तर परत यायचं. ऑफिसला गेलो तर बाहेरचा गार्ड म्हणाला, टोकन ऑनलाइन घ्या. हप्त्याची तारीख काही थांबली नाही. तेव्हापासून मी सांगतो : आयडी दोन अ‍ॅपवर ठेवा, प्रत्येक वादाच्या ट्रिपचा स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून ठेवा, आणि दोन हप्त्यांएवढी रक्कम बँकेत अशी ठेवा की तिला सणालासुद्धा हात लागणार नाही.

शरीराबद्दल बोलतो, कारण यावर कुणी बोलत नाही. २०२० च्या केंद्रीय सूचनांत दिवसाला सगळ्या अ‍ॅपवर मिळून १२ तासांची मर्यादा आणि त्यानंतर १० तास विश्रांती सांगितली होती; २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. आपली पोरं सोळा-सोळा तास चालवतात, गाडीतच झोपतात. रस्त्यात लघवीला जागा नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात मूतखड्यानं लोळतात. कुठल्या पंपावर स्वच्छतागृह उघडं असतं ते आठवड्याभरात पाठ करा आणि पाणी प्या. केंद्राच्या सूचनांत चालकासाठी ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा कंपनीनं काढावा असं आहे. आपला निघालाय का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, आणि अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा अशा कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद तिच्यात आहे. नोंदणीच नसेल तर उद्या तो निधी आला तरी तुमच्यापर्यंत पोचायचा कसा?

ज्यांनी गाडी बुक केलीय, पण अजून ताब्यात घेतली नाही, असे चौघं-पाचजण इथं आहेत असं मला सकाळी कळलं. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी चहा झाल्यावर थांबावं. कोटेशन आणि हप्त्याचा कागद सोबत असेल तर काढून ठेवा. फळा पुसू नका, त्यावरच एकेकाचा हिशेब मांडू.