जूनची ताडपत्री दिवाळीपासून

श्रोतेहो, नमस्कार.

पालकाची देठं आमटीत जातात, शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, हे सगळं तुम्ही रोज करता. ते सांगायला मी आलेली नाही. रोजचा खर्च तुमच्या मुठीत असतो. घराची घडी विस्कटते ती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. उन्हाळ्यात धान्य भरायचं, जूनमध्ये शाळा आणि छपरावरची ताडपत्री, मग दिवाळी, मार्चमध्ये घरपट्टी-पाणीपट्टी. यातला एकही खर्च अचानक येत नाही. दरवर्षी त्याच महिन्यात येतो, आणि तरी दरवर्षी त्याच महिन्यात आपण कुणाच्या तरी दारात उभे असतो.

आकडे घेऊ. समजा, घराची वर्षाची मिळकत 1,20,000 रुपये. धान्याला 9,000, शाळेला 5,000, ताडपत्रीला 1,800, दिवाळीला 5,000, पट्ट्यांना 1,500 आणि विम्याला 456. बेरीज झाली 22,756 रुपये. म्हणजे मिळकतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा या पाच-सहा खर्चांतच जातो. तो आठवड्यांवर वाटा. 52 आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला 438 रुपये येतात. पण चूक होते ती इथेच. मजुरीच्या घरात 52 आठवडे काम मिळतं कुठे? चाळीस आठवडे मिळत असेल, तर भागाकार चाळीसनेच करा. मग आकडा येतो 569. पुन्हा सांगते: भागाकार वर्षाच्या आठवड्यांनी करू नका, कामाच्या आठवड्यांनी करा.

आता ताडपत्रीचा विषय निघालाच आहे, तर एक हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी ती जाहीरपणे सांगितलेली आहे.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. दुष्काळी मुलूख, माणगंगा बरेच महिने कोरडी. तिथल्या म्हसवड गावात मुंबईच्या चेतनाताई लग्न करून राहायला आल्या. एक दिवस त्यांच्याकडे एक बाई आली. लोहारकाम करणारी, संसार रस्त्याच्या कडेला. तिची तक्रार अशी, की बँकेत गेले तर माझं खातंच उघडत नाहीत. तिला कर्ज नको होतं, सरकारी मदतही नको होती. स्वतःच्या घामाचे थोडेथोडे पैसे कुठेतरी सुरक्षित ठेवायचे होते, एवढंच. बँकेचं म्हणणं, रक्कम इतकी लहान आहे की खातं परवडत नाही. चेतनाताईंनी विचारलं, पैसे साठवून करणार काय? ती म्हणाली, पावसाच्या आधी प्लास्टिकचा कागद घ्यायचाय, पोरं भिजू नयेत म्हणून.

बघा, ही बाई काय करत होती. पाऊस यायच्या कितीतरी आधी तिनं पावसाळ्याचा खर्च ओळखला होता, आणि तो तुकड्या-तुकड्यांनी जमवायची तिची तयारी होती. वर्षाचं अंदाजपत्रक म्हणतात ते यापेक्षा निराळं काय असतं? तिच्याकडे फक्त पैसे ठेवायला जागा नव्हती.

चेतनाताईंनी ठरवलं, बायकांचीच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला, आणि तो नामंजूर झाला. कारण काय, तर प्रवर्तकांमधल्या काही बायका निरक्षर, अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे. आता कुणीही खचलं असतं. या बायका म्हणाल्या, लिहाय-वाचायला येत नाही ना, मग शिकू. दिवसभर राबून संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन बसायच्या. पाच महिन्यांनी नवा प्रस्ताव तयार झाला, आणि या खेपेला चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत. पंधरा बायका बरोबर निघाल्या.

साहेबांसमोर त्या बोलल्या. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठलीही मुद्दल सांगा, तिचं व्याज आम्ही काढून देतो. नाही आलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही तेच व्याज काढायला सांगा, पण मशीन न घेता. बघू कोण आधी काढतं.

परवाना मिळाला. 1997 साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे बायका सांगू लागल्या, बँकेत यायचं तर मजुरी बुडते. मग बँकच त्यांच्या दारापर्यंत जाऊ लागली.

मला या हकिगतीतली सगळ्यात मोलाची वाटते ती तोंडी हिशेबाची पैज. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे घोकून घेत. माझं ठाम मत आहे, ती पुन्हा पोरांकडून म्हणून घ्यावी, रोज संध्याकाळी, दिवेलागणीला. अडीच किलोचा भाव तोंडी काढणाऱ्या पोराला उद्या कुणी हप्त्यात फसवू शकत नाही.

हप्त्याचंच बघा. ‘दहा हजार घ्या, महिन्याला हजार असे बारा हप्ते भरा, व्याज फक्त वीस टक्के.’ ऐकायला ठीक वाटतं. पण पहिला हप्ता भरल्यावर तुमच्याकडे पूर्ण दहा हजार राहतात का? नाही. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण दहा हजारांवर मोजलं जातं. नीट हिशेब केला तर दर वर्षाला जवळजवळ 35 टक्के पडतो. म्हणून बचत गटातून घ्या किंवा बाहेरून, एकच प्रश्न विचारा: व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या मुद्दलावर? हा प्रश्न पाठ करा. उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या?

आणि ताडपत्री? 1,800 रुपयांची ताडपत्री दिवाळीपासून मेअखेरपर्यंत तीस आठवड्यांत जमवायची, तर दर बाजारच्या दिवशी 60 रुपये. तीच जूनमध्ये पाच रुपये शेकड्यानं उसने पैसे घेऊन आणली, तर महिन्याला 90 रुपये व्याज, सहा महिन्यांत 540. म्हणजे नऊ आठवड्यांची बचत नुसत्या व्याजात गेली. हे 60 रुपये डब्यात ठेवू नका, डब्यातले पैसे औषधाला, पाहुण्याला निघतातच. गटात भरा, नाहीतर बँकेत मेअखेर पैसे हातात येतील अशा मुदतीचं आवर्ती ठेव खातं काढा, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायचं.

धान्याबद्दल थोडक्यात, कारण भरणी तुम्हाला येते. दोन-तीन कडक उन्हं द्या, पण तापलेलं धान्य लगेच कोठीत ओतू नका. गरम धान्य बंद केलं की आतली वाफ झाकणाला थंड होऊन पाणी धरते, आणि वरच्या थराला बुरशी येते. रात्रभर पसरून निवू द्या, सकाळी भरा. तळाला, मध्ये आणि वर कडुनिंबाचा पाला घाला, पण तो सावलीत खडखडीत वाळलेला हवा, ओला पाला धान्य नासवतो. किडीच्या विषारी गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून निघणारा वायू झोपेत माणसं मारतो. कधीही नाही.

भरणी वर्षाची करा, दळण मात्र आठवड्याचंच. बाजरीत तेल असतं, त्यामुळे तिचं पीठ आठवडाभरातच कडवट व्हायला लागतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, आणि मग पीठ वाया जातं. एकदम दहा किलो दळून आणण्यात बचत नाही.

शेवटी विम्याचे ते 456 रुपये. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये, त्यात नाव नोंदवायचं वय 18 ते 50. सुरक्षा विमा म्हणजे अपघाताचा, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70. मृत्यू झाला तर पहिल्यातून 2 लाख, आणि तो अपघाती असेल तर दुसऱ्यातूनही 2 लाख. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. आणि मे महिन्यातच धान्यासाठी, वह्या-पुस्तकांसाठी खातं रिकामं झालेलं असतं! शिल्लक नसेल तर हप्ता जात नाही आणि विमा बंद पडतो. घरच्यांना हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून 20 मेच्या आत खात्यात 500 रुपये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. दोन बँकांत खाती असतील, तर एकाच खात्यातून विमा घ्या. दोन्हीकडून हप्ता कापला गेला तरी एका योजनेत भरपाई एकदाच मिळते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणा. त्यात 436 आणि 20 अशा दोन वेगळ्या नोंदी दिसल्या पाहिजेत. एक जरी दिसली नाही, तरी त्याच दिवशी शाखेत जाऊन विचारा. नमस्कार.