दहावा हिस्सा

(अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक भागातल्या आपल्या मराठी मंडळाच्या २४ जुलैच्या मेळाव्यात केलेलं भाषण.) (बोलण्यातली पुनरुक्ती काढून इथे देत आहोत.)

नमस्कार मंडळी. आत मिसळीची तर्री उकळतेय आणि वास इथपर्यंत आलाय, त्यामुळे माझ्या भाषणाचं आयुष्य किती याची मला कल्पना आहे.

आज सुट्टी कसली, हे आपल्या पोरांना विचारा, ती सांगतील. २४ जुलै १८४७ या दिवशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे पुढारी ब्रिगॅम यंग तापाने फणफणलेल्या अवस्थेत, गाडीत आडवे पडून या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तेव्हा हा मुलूख मेक्सिकोचा होता. म्हणजे आज जे इथले घरमालक आहेत, ते आले तेव्हा कुणाला न विचारता परमुलखात शिरले होते. आणि आज ज्यांना आपण 'ते मेक्सिकोहून आलेले' म्हणतो, त्यांचा तो देश होता. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. मी लोकांची टॅक्स रिटर्न भरतो. ऑफिस वेस्ट व्हॅलीत असल्यामुळे माझ्याकडे डोंगराच्या बाजूचे मॉर्मनही येतात आणि आसपासचे मेक्सिकन कॅथलिकही. (मॉर्मनांच्या चर्चच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितलंय की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. ते नाव एका दमात होत नाही, म्हणून आजच्यापुरती माफी मागतो.) गेल्या दिवाळीच्या फराळाला एकाने मला विचारलं, "काका, मॉर्मन एवढे पैसेवाले आणि कॅथलिक एवढे गरीब, असं का हो?" मी तोंडातली चकली संपवेपर्यंत दुसऱ्याने उत्तर देऊनही टाकलं, "ते दारू पीत नाहीत ना!"

दारू पीत नाहीत हे खरंच. चहा-कॉफीही नाही; १८३३ सालच्या उपदेशातून आलेला नियम आहे तो. पण तोच माणूस मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला देतो. मराठी बायबलात त्याला दशमांश म्हणतात. ऐंशी हजार डॉलर कमावणारं कुटुंब आठ हजार देतं, दर वर्षी. आठ हजारांची दारू रिचवायला आपल्यातले दर्दी सभासदसुद्धा कमी पडतील. तेव्हा दारू वाचवून हे लोक श्रीमंत झाले, हे गणित बसत नाही.

मुळात प्रश्नच तपासून घेऊ. प्यू रिसर्च सेंटरने २०१४ साली अमेरिकेत धर्मवार मोठी पाहणी केली. वर्षाला एक लाख डॉलरच्या वर कमावणारी कुटुंबं मॉर्मनांत २० टक्के निघाली. कॅथलिकांत १९. सगळ्या देशाचा आकडाही १९. म्हणजे वरच्या मजल्यावर फरक असा काही नाहीच. खाली बघा. तीस हजारांच्या आतले कॅथलिक ३६ टक्के आणि मॉर्मन २७. आणि पन्नास हजार ते एक लाख या मधल्या पट्ट्यात मॉर्मन ३३ टक्के, कॅथलिक २६. आपल्याला ते श्रीमंत वाटतात, कारण त्यांच्यात मधली माणसं जास्त आहेत. तेही ढोबळच. इथल्या घरात चार-चार, पाच-पाच मुलं असतात; युटाचं कुटुंबाचं उत्पन्न देशात वरच्या रांगेत बसतं, पण माणशी वाटून बघितलं की नंबर खाली घसरतो. मोठी व्हॅन दारात उभी असली तरी आत बसणारे आठ असतात.

आता इतिहास. हा भाग मला फार आवडतो, थोडा वेळ घेणार.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात हा प्रश्न नेमका उलटा विचारला गेला असता. ब्रिगॅम यंगचं आपल्या लोकांना सांगणं होतं की सोन्याचांदीच्या मागे लागू नका, शेती करा, पाट काढा, गावं वसवा. मग चांदी कुणी काढली? बाहेरच्यांनी. त्यातला एक टॉमस कर्न्स. कॅनडात जन्मलेला, आयरिश आईबापांचा कॅथलिक पोरगा. पार्क सिटीच्या सिल्व्हर किंग खाणीने त्याला करोडपती केलं. १९०१ साली तो युटाचा सिनेटर झाला. साउथ टेंपल रस्त्यावर त्याने बांधलेला वाडा आज आपल्या राज्यपालांचं निवासस्थान आहे. मुलांच्या शाळेची सहल तिथे गेली असेल, तेव्हा हे कुणी सांगितलं का बघा. त्याच रस्त्यावर कॅथलिकांचं मॅडलीन कॅथेड्रल उभं आहे, १९०९ साली पुरं झालेलं.

आणि त्याच काळात मॉर्मन चर्च कर्जात बुडालेलं होतं. बहुपत्नीत्वावरून सरकारशी भांडण, १८८७ च्या कायद्याने मालमत्ता जप्त, दान आटलेलं. १८९९ साली लोरेंझो स्नो हे म्हातारे अध्यक्ष दक्षिणेला सेंट जॉर्जला गेले आणि त्यांनी एकच धोशा लावला, दशमांश भरा. १९०७ मध्ये चर्चचं कर्ज फिटलं. आज दिसतो तो सगळा डोलारा तिथून पुढचा आहे.

पण कर्न्स एकटाच. त्याच्या खाणीत उतरणारे आयरिश, आणि पुढे बिंगमच्या तांब्याच्या खाणीत इटालियन, स्लाव, मेक्सिकन, यांतले बहुतेक कॅथलिकच. वाडा एकाचा आणि खोकला बाकीच्यांचा. तेव्हा 'कॅथलिकांची संपत्ती' असा एक आकडा काढला की त्यात मालक आणि मजूर दोन्ही बेरजेत येतात आणि बेरीज काहीच सांगत नाही. आजही तेच. अमेरिकेतल्या कॅथलिकांत सुमारे एक तृतीयांश हिस्पॅनिक आहेत आणि चौथ्या हिश्शाहून जास्त लोक परदेशात जन्मलेले. जुने आयरिश-इटालियन केव्हाच वर सरकले. लिसा काइस्टर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी गोऱ्या कॅथलिकांची ही चढण नीट मोजून दाखवली आहे. ते वर सरकतात आणि खालच्या पायरीवर नवा माणूस येऊन उभा राहतो. सरासरी तिथल्या तिथे.

माझ्या टेबलावर हे रोज दिसतं. मॉर्मन गिऱ्हाईक येतं ते दानाच्या पावतीसकट. वर्षअखेरीला कुटुंब बिशपसमोर, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चप्रमुखासमोर, बसून 'आम्ही पूर्ण दशमांश दिला' असं सांगून आलेलं असतं, सगळे कागद तयार. काही हुशार मंडळी तर किंमत वाढलेले शेअरच थेट चर्चला देतात, म्हणजे नफ्यावरचा करही वाचतो. त्याच दिवशी दुपारी छपरं शाकारणारा एक मेक्सिकन येतो. तो दर महिन्याला मेक्सिकोतल्या मिचोआकानला आईकडे पैसे पाठवतो. भावाची फी, बहिणीचं बाळंतपण, घरावरचा स्लॅब. मी हिशेब केला तर दहा टक्क्यांच्या वरच जातो. तो विचारतो, हे दान धरता येईल का? मी म्हणतो, नाही. मग त्या रकान्यात आम्ही शून्य लिहितो. आकडेवारी बनते ती अशा रकान्यांतून.

आपल्यातही पहिल्या पिढीने हेच केलं. फक्त स्लॅब सांगलीला पडला.

आता मॉर्मनांचं जे खरंच वेगळं आहे ते सांगतो, आणि ते मी स्वतः अनुभवलंय. २००९ मध्ये माझी नोकरी गेली. एका शुक्रवारी कंपनीने चाळीस जणांना खोकी दिली. मी कुणाला बोललो नाही. बायकोने माहेरी फोनवर 'सगळं छान' म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी दारावर शेजारचे गृहस्थ. दातांचे डॉक्टर, आणि त्या काळात त्यांच्या वॉर्डाचे, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांतल्या मॉर्मन मंडळींच्या गटाचे, बिशप. त्यांच्यात बिशप म्हणजे पगारी पाद्री नव्हे. गल्लीतलाच माणूस, चार-पाच वर्षं बिनपगारी काम करतो. मी त्यांचा सभासद नाही, होणारही नव्हतो, त्यांना माहीत होतं. म्हणाले, "तुझी गाडी दिवसभर दारात दिसते. फ्रीजमध्ये काय आहे?"

बस, एवढाच प्रश्न. मग त्यांनी बिशपच्या कोठाराची, म्हणजे चर्चच्या गरजूंसाठीच्या धान्यकोठाराची, चिठ्ठी देऊ केली. कोठारं त्याआधीची, पण १९३६ च्या मंदीत या व्यवस्थेला आजचं रूप आलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळा उपास करायचा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. कोठारात रोकड चालत नाही, बिशपची चिठ्ठी चालते, आणि घेणाऱ्याला जमेल ते काम सांगतात. मी धान्य घेतलं नाही, अभिमान आडवा आला. पण त्यांच्या वॉर्डातल्या एकाने माझा अर्ज पुढे सरकवला आणि त्यावर मी पुन्हा उभा राहिलो. राज चेट्टी हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलं होतं की कमाईत तळाच्या पाचव्या भागातल्या घरात वाढलेलं मूल वरच्या पाचव्या भागात पोचण्याची शक्यता नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात ४.४ टक्के आणि आपल्या सॉल्ट लेकमध्ये १०.८ टक्के. कारणं अनेक असतील. मला मात्र तो फ्रीजचा प्रश्न आठवतो.

कॅथलिकांकडे हे नव्हतं असं समजू नका. १८८२ साली न्यू हेवनच्या एका पाद्रीने, मायकेल मॅकगिव्हनीने, नाइट्स ऑफ कोलंबस काढलं ते मेलेल्या कामगाराच्या बायकोपोरांना विम्याचे पैसे मिळावेत म्हणून. आपल्या वसईतही बॅसीन कॅथलिक बँक १९१८ सालची आहे. आमचे एक वसईकर सभासद सांगतील, त्यांच्या आज्याची वाडी सावकाराकडून कशी सुटली ते. पण मोठ्या शहरातल्या कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, हजारो कुटुंबं आणि एक थकलेला पाद्री असतो. शाळा फुकटात चालवणाऱ्या नन्स आता उरल्या नाहीत. तिथे कुणाची गाडी दिवसभर दारात आहे हे कोण बघणार?

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर बाहेर गेल्यावर म्हणाल, काका बाटले. सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून फसवणारेही आतलेच असतात. 'मी तुझ्याच वॉर्डातला' म्हणून पैसे घ्यायचे आणि बुडवायचे, हा प्रकार इथे इतका झाला की युटाने २०१५ साली आर्थिक गुन्हेगारांची जाहीर यादी ठेवण्याचा कायदा केला. आणि चर्चची श्रीमंती म्हणजे सभासदांची श्रीमंती नव्हे. एन्साइन पीक ही चर्चची गुंतवणूक कंपनी; २०१९ मध्ये आतल्याच एकाने सांगितलं की तिच्याकडे शंभर अब्ज डॉलरच्या आसपास आहेत. गुंतवणूक बनावट कंपन्यांच्या नावाआड लपवल्याबद्दल २०२३ मध्ये कंपनी आणि चर्च यांना मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड झाला. माझ्या एका गिऱ्हाइकाने ती बातमी वाचली, पाच मिनिटं गप्प बसला, आणि पुन्हा दहा टक्क्यांची पावती पुढे केली.

शेवटी आपल्याकडे येतो. त्याच प्यूच्या पाहणीत लाखावर कमावणारे हिंदू ३६ टक्के होते. मॉर्मनांच्या जवळजवळ दुप्पट. टाळ्या नकोत. दहातले जवळजवळ नऊ जण परदेशात जन्मलेले आणि ७७ टक्के पदवीधर. व्हिसाच्या चाळणीने निवडून घेतलेले दाणे आहोत आपण. जी चाळण त्या छपरावरच्या माणसाला कधी लागलीच नाही, त्याच्याशी तुलना कसली करायची.

२००९ ची एक गोष्ट मघाशी सांगितली नाही. माझी नोकरी गेल्याचं बिशपना आठ दिवसांत कळलं. आपल्या मंडळाला चार महिन्यांनी, तेही मी गणपतीची वर्गणी भरली नाही म्हणून खजिनदारांचा फोन आला तेव्हा. दोष त्यांचा नव्हता. मंडळात ते विचारायची कुणाकडे जबाबदारीच नव्हती, आणि आजही नाही. नियमावलीत 'अडचण निधी' आणि गल्लीवार एक विचारपूस करणारा माणूस, अशी दुरुस्ती मी सुचवली आहे. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. वीस सह्या लागतील. मिसळीच्या आधी केल्यात तर बरं, नंतर कागदाला तर्री लागते.